गुप्तता माणसाची, कृतीची नव्हे

पोलीस अधिकाऱ्याच्या नोंदींत दोन वेगळ्या गोष्टी असतात. घरचा पत्ता, आजारपण, कुटुंबाची माहिती ही एक. त्याने चालवलेली गोळी, त्याच्यावरच्या तक्रारी, चौकशीचे निष्कर्ष ही दुसरी. कॅलिफोर्नियाने या दोन्ही एकाच कुलपात ठेवल्या. त्या वेगळ्या काढायला तिथे चाळीस वर्षं लागली.

सुरुवात एका आरोपीच्या बचावातून झाली. पोलिसांवर हल्ला केल्याचा आरोप असलेल्या माणसाचं म्हणणं होतं, की त्यांनीच बेसुमार बळ वापरलं, मी फक्त स्वतःचा बचाव केला. त्या पोलिसांविरुद्धच्या जुन्या तक्रारी पाहण्याचा त्याचा हक्क राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 1974 मध्ये मान्य केला. लॉस एंजेलिसचे तेव्हाचे शेरीफ पीटर पिचेस यांच्या नावाने हा निकाल ओळखला जातो. त्यानंतर लॉस एंजेलिस पोलिसांनी जुन्या नोंदींचे ढीग नष्ट केले.

1978 च्या कायद्याने यावर तोडगा काढला. तक्रारी किमान पाच वर्षं जपून ठेवायच्या, पण गुप्त. आरोपीने सबळ कारण दिलं तर न्यायाधीश बंद दालनात कागद पाहणार आणि खटल्याशी संबंधित तेवढंच त्याला देणार. आरोपीला अशी वाट मिळाली; सामान्य नागरिकाला मात्र कोणतीच नाही. 2006 मध्ये ‘कॉपली प्रेस’ खटल्यात ही गुप्तता आणखी पसरली. शिस्तभंगाच्या शिक्षेविरुद्धचं अपील पोलीस खात्याबाहेरच्या आयोगापुढे गेलं, तरी त्याचे कागद वर्तमानपत्राला मिळणार नाहीत, असं न्यायालयाने ठरवलं.

पोलिसांची भीती खोटी नव्हती. ज्याला अटक केली तो सूडापोटी तक्रार करू शकतो. पत्ता फुटला तर घरच्यांच्या जिवावर बेततं. पण या भीतीचं उत्तर पत्ता झाकणं हे आहे, गोळीबार झाकणं नव्हे. हा विवेक 2018 च्या कायद्यात आला. माणसावर झाडलेली गोळी, मृत्यू किंवा गंभीर इजा घडवणारा बळाचा वापर, सिद्ध झालेला लैंगिक अत्याचार आणि तपासातला सिद्ध झालेला खोटेपणा यांच्या नोंदी खुल्या झाल्या. पत्ता, कुटुंब, वैद्यकीय माहिती झाकलेलीच राहिली. 1978 च्या कायद्यावर सही करणारे गव्हर्नर जेरी ब्राऊन यांनीच, पुन्हा त्या पदावर असताना, याही कायद्यावर सही केली.

तरीही कायदा लागू होण्याच्या तोंडावर इंगलवूड शहराने शंभराहून अधिक प्रकरणांच्या जुन्या पोलीस नोंदी नष्ट करायला मंजुरी दिली. 2019 पूर्वीच्या नोंदी उघड होऊ नयेत म्हणून पोलीस संघटना कोर्टात गेल्या. कोर्टाने त्यांचं म्हणणं मानलं नाही. 2021 च्या कायद्याने बेकायदा अटक, बेकायदा झडती आणि भेदभावाची सिद्ध प्रकरणंही खुली केली. चौकशी संपण्याआधी राजीनामा देऊन नोंद झाकण्याची पळवाटही बुजवली.

मला या प्रवासात न्यायाची स्पष्ट रेषा दिसते. पोलिसाला खासगी आयुष्याचा हक्क इतर कुणाइतकाच आहे, आणि सिद्ध न झालेल्या तक्रारीपासून त्याचं नावही सांभाळायला हवं. पण बंदूक आणि अटकेचा अधिकार त्याला जनतेने दिला आहे. तो कसा वापरला, याचा हिशेब ही त्याची खासगी बाब होऊ शकत नाही.