रॉ फाइल आणि निर्विकल्प प्रत्यक्ष

लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यात खरोसा येथील लेणी जांभ्या दगडात कोरलेली आहेत. त्यांच्या अंधाऱ्या दालनांतील शैव-वैष्णव शिल्पे टिपताना जाणकार छायाचित्रकार ‘रॉ’ हा प्रकार निवडतो, म्हणजे कॅमेऱ्याच्या संवेदकावर पडलेल्या प्रकाशाच्या नोंदी, त्यांवर फारसे संस्कार न करता, साठवून ठेवतो. नांदेड जिल्ह्यात देगलूरजवळच्या होट्टल येथील चालुक्यकालीन मंदिरांबाबतही हीच रीत सोयीची ठरते. अशी फाइल जड असते आणि प्रत्येक मोबाइलवर उघडत नाही, म्हणून ती एखाद्या संकेतस्थळावर चढवून तिची जेपीईजी प्रत करून घेतली जाते. या व्यवहाराशी भारतीय ज्ञानमीमांसेतील, म्हणजे ज्ञान कसे होते आणि ते केव्हा प्रमाण ठरते याचा विचार करणाऱ्या शाखेतील, एका जुन्या वादाचा थेट संबंध आहे.

बौद्ध आचार्य दिङ्नागाच्या मते नाव, जाती, गुण यांची जोड न मिळालेले इंद्रियज्ञान, म्हणजे निर्विकल्प ज्ञान, तेवढेच प्रत्यक्ष होय. ‘हा दगड तांबूस आहे’, ‘ही मूर्ती शिवाची आहे’ असे सविकल्प ज्ञान ही बुद्धीने मागाहून घातलेली भर ठरते. वाचस्पती मिश्रासारख्या नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या अनुयायांनी, मात्र दोन्ही पायऱ्या प्रत्यक्षातच धरल्या. रॉ फाइल तेवढी खरी आणि जेपीईजी म्हणजे तिच्यावर चढवलेला मुलामा, ही समजूत दिङ्नागाच्या पक्षाला जवळची आहे.

परंतु फाइलची घडण पाहता ती टिकत नाही. बहुतेक संवेदकांवर तांबड्या, हिरव्या व निळ्या गाळण्यांची जाळी असते. कोडॅकच्या ब्राइस बायर यांना तिचे पेटंट १९७६ मध्ये मिळाले. प्रत्येक बिंदू एकाच रंगाची तीव्रता नोंदवतो, आणि उरलेले दोन रंग शेजारच्या बिंदूंवरून गणिताने काढावे लागतात, म्हणजेच तयार चित्रातील दोन-तृतीयांश रंगमूल्ये अनुमानाने आलेली असतात. रॉ फाइल पडद्यावर ‘पाहिली’ असे म्हणताना हे अनुमान आधीच होऊन गेलेले असते. नव्यन्यायाचा प्रवर्तक गंगेश याने निर्विकल्प ज्ञान स्वतः कधी अनुभवास येत नाही, ते सविकल्पावरून अनुमानावे लागते, असे मानले. रॉ फाइलला हे वर्णन नेमके लागू पडते.

म्हणून खरा प्रश्न रूपांतर करावे की नाही हा नसून ते कोणाच्या निर्णयाने होते हा आहे. चौदा बिटांच्या रॉमध्ये प्रत्येक बिंदूच्या तीव्रतेला १६,३८४ पायऱ्या असतात, तर नेहमीच्या जेपीईजीत प्रत्येक रंगाला २५६. शिवाय जेपीईजी चित्राचे आठ बाय आठ बिंदूंचे चौकोन पाडून डोळ्याला सहसा न जाणवणारे बारकावे गाळते. खरोशाच्या झिजलेल्या मूर्तीत हे बारकावेच निर्णायक ठरतात, कारण हातातील आयुध त्रिशूळ आहे की साधा दंड, हे सावलीतल्या एका पुसट कडेवरून ठरवायचे असते, आणि मूर्तीची ओळख बहुधा त्यावरच अवलंबून असते. जांभ्याचा तांबूसपणा श्वेतसंतुलनावर, म्हणजे चित्रातील पांढरे कशाला म्हणावे या निवडीवर, ठरतो. संकेतस्थळावरील प्रणाली कधी कॅमेऱ्याची नोंद स्वीकारते, कधी स्वतःचा अंदाज लावते, तर कधी रॉ फाइलमध्ये आधीच दडलेली पूर्वदर्शनाची जेपीईजी तेवढी बाहेर काढून देते. यांपैकी काय घडले, हे वापरणाऱ्याला बहुतेक वेळा कळत नाही.

येथे न्यायमताची बाजू अधिक बळकट वाटते, मात्र एका अटीवर. नैयायिक ज्ञानाचे प्रामाण्य स्वयंसिद्ध मानत नाहीत. ते ‘परतः’, म्हणजे त्या ज्ञानाबाहेरील पडताळ्याने, ठरते असे म्हणतात. जेपीईजी प्रतही या अर्थाने प्रमाण ठरू शकते, पण त्यासाठी मूळ फाइल जपलेली असावी लागते आणि कोणते श्वेतसंतुलन व किती संक्षेप वापरला हे नोंदलेले असावे लागते. घाईत केलेल्या रूपांतरानंतर मूळ फाइल पुसून टाकणारा अभ्यासक हा पडताळाच गमावतो, आणि पुढे कोणी त्या मूर्तीच्या आयुधाबद्दल शंका घेतली तर उत्तरादाखल दाखवायला त्याच्याजवळ अनोळखी प्रणालीच्या अंदाजापलीकडे काही उरत नाही.