ज्या अंगाला कलेल, त्याच अंगाला

पावसाळ्याच्या सकाळी पेपरवाला डबक्यातून सायकल काढतो आणि पुढच्या कोरड्या डांबरावर दोन ओल्या रेघा उमटतात. तो तर सरळ गेला, असं आपल्याला वाटलेलं असतं. त्या रेघा जरा नीट पाहाव्यात. मागच्या चाकाची रेघ बऱ्यापैकी सरळ असते. पुढच्या चाकाची रेघ मात्र तिला कधी डावीकडून, कधी उजवीकडून ओलांडत नागमोडी गेलेली असते. कुठलीच सायकल अगदी सरळ जात नाही. ती सारखी कलत असते आणि सारखी सावरत असते. या सावरण्याची रीत मोठी विलक्षण आहे. सायकल डावीकडे कलली की हँडल डावीकडेच वळवायचं. ज्या अंगाला पडू असं वाटतं, त्याच अंगाला. शिकाऊ माणसाला नेमकी याचीच भीती वाटते. डावीकडे तोल गेला की तो घाईघाईने हँडल उजवीकडे ओढतो आणि आपटतो. तेच डावीकडे वळवलं असतं, तर चाकं सरकून त्याच्या भाराखाली आली असती आणि सायकल पुन्हा उभी राहिली असती.

चाकं गरगर फिरतात म्हणून सायकल पडत नाही, असं बहुतेकांनी कधीतरी ऐकलेलं असतं. फिरण्याची मदत होते, हे खरं. पण सगळं श्रेय तिचं नाही. १९७० साली डेव्हिड जोन्स नावाच्या ब्रिटिश रसायनतज्ज्ञाने हे स्वतः करून पाहिलं. त्याने सायकलच्या पुढच्या चाकाशेजारी आणखी एक चाक बसवलं. ते जमिनीला टेकत नव्हतं आणि उलट दिशेने फिरत होतं. त्यामुळे पहिल्या चाकाच्या फिरण्याचा परिणाम पुसला गेला. तरीही त्या सायकलवर बसून त्याला सहज फिरता आलं. पुढे २०११ साली नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट आणि अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी एक छोटी सायकल बनवली. तिच्यावर स्वार नव्हता. फिरत्या चाकांचा असर तिच्यातही उलट फिरणाऱ्या चाकांनी काढून टाकलेला होता. ढकलून सोडली की ती आपली आपण तोल सांभाळत पुढे जायची. तिचं वजनच अशा बेताने वाटलेलं होतं, की ती जरा कलली रे कलली की पुढचं चाक त्या बाजूला वळायचं. याउलट एखाद्या उत्तम सायकलचं हँडल दोरीने सरळ बांधून टाका. चाकं कितीही जोरात फिरोत, ती थोड्याच अंतरात आडवी होईल. मला यातली ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. घट्ट धरून ठेवलेलं सरळपण तोल राखत नाही. तोल राखायचा तर वळायला मोकळं हँडल लागतं.

घरातही रोज काहीतरी थोडं कलत असतं. मुलगा दोन दिवस ताटावर गप्प बसतो. आईचा फोनवरचा आवाज नेहमीसारखा नसतो. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याशी झालेली छोटीशी कुरबुर मिटलेली नसते. आपण वाईट माणसं नसतो. उलट आपल्याला ते जाणवलेलं असतं, म्हणूनच हात आपोआप दुसरीकडे ओढ घेतो. टीव्हीचा आवाज वाढतो, मुलाशी फक्त अभ्यासाचं बोलणं होतं, आईला फोन रविवारी निवांत करू असं ठरतं. अशा वेळी थोडंसं त्याच बाजूला वळून पाहावं. फार नाही. ‘काय रे, आज भाजी आवडली नाही का?’ एवढंही पुष्कळ होतं. तो लगेच मन मोकळं करेलच असं नाही, आणि त्याने करावं असा आग्रहही नको. पण आपण त्याच्या बाजूला आलो, हे त्याला कळतं. आणि हे लवकर करण्यात सगळी सोय आहे. कल बोटभर असतो तेव्हा वळणही बोटभर पुरतं. घराघरांतल्या आया आणि आज्या हे इतक्या सहज करत आल्या आहेत, की त्याकडे कुणाचं लक्षही जात नाही. भांडण झालं नाही, मूल रुसून बसलं नाही, दिवस नीट पार पडला, एवढंच दिसतं. त्यामागे किती वेळा हँडल हललं, ते दिसत नाही.

शाळेच्या क्रीडास्पर्धांत मंद सायकलची शर्यत असते. शेवटी पोचेल तो जिंकला, पाय टेकला की बाद. तिथे मुलांची हँडलं पाहावीत. भरधाव सायकलचं हँडल जेमतेम हलतं, इथे ती या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत असतात. मायकेल पोलान्यी हे हंगेरीत जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ पुढे तत्त्वज्ञानाकडे वळले. १९५८ सालच्या ‘पर्सनल नॉलेज’ या पुस्तकात त्यांनी यामागचं गणित मांडलं आहे. कल तेवढाच असला, तरी वेग निम्मा झाला की वळण चौपट घ्यावं लागतं. घराचेही असे मंद दिवस येतात. कुणी आजारातून उठत असतं, कुणी नुकतंच निवृत्त झालेलं असतं, कुणाची नोकरी गेलेली असते. त्या दिवसांत जाता जाता विचारलेला प्रश्न पुरत नाही. खुर्ची ओढून शेजारी बसावं लागतं, घड्याळाकडे न पाहता ऐकावं लागतं. आणि हे जमेल का, अशी काळजी करायचं कारण नाही. पोलान्यी यांनी पुढे असंही दाखवलं, की हा नियम सायकल चालवणाऱ्यांना सहसा सांगता येत नाही, आणि सांगता आला तरी रस्त्यावर कुणी त्याचा हिशेब करत बसत नाही. मागे कॅरिअर धरून धावणारे बाबासुद्धा एवढंच ओरडतात, ‘पुढे बघ, पायडल मार!’ हँडल कुठे वळवायचं, ते मुलाचे हात स्वतःच शिकतात, आणि एकदा शिकले की जन्मभर विसरत नाहीत. माणसांच्या बाबतीतही आपले हात असेच कधीचे शिकलेले आहेत. आईला फोन करायला रविवार कशाला हवा? घरातून निघण्याआधीची पाच मिनिटं त्याला पुरतात.