सालीचा भाव

उन्हाळ्यात पुणे-नगर रस्त्यावर, कारेगावच्या आसपास एखाद्या रसवंतीपाशी पाच मिनिटं थांबावं. ऊस चरकातून एकदा जातो, दुसऱ्यांदा जातो. मग रसवाला चिपाडाची दुमड घालतो, तिच्यात आल्याचा तुकडा आणि लिंबाची फोड दडवतो आणि पुन्हा रुळांमध्ये सारतो. घुंगरू वाजतात आणि चपटी झालेली साल चिपाडाला चिकटून मागच्या बाजूला पडते. लिंबू नुसतं हातानं पिळलं असतं तर रस आंबट झाला असता, एवढंच. ग्लास तोंडाशी नेताना आधी नाकात शिरतो तो वास लिंबाच्या रसात जवळजवळ नसतोच. तो असतो सालीवरच्या टाचणीच्या टोकाएवढ्या ठिपक्यांत. हे ठिपके म्हणजे तेलाच्या पिशव्या, आणि लोखंडी रुळांखाली त्या फुटतात. रांजणगाव एमआयडीसीतली पाळी संपवून आलेल्या कामगाराला कुणी सांगितलं की बाबा, तू आत्ता लिंबाची साल प्यायलास, तर तो हसेल. पण खरं तेच आहे.

त्याच गावातल्या खानावळीत ताटाची उजवी-डावी बाजू ठरलेली असते आणि वरच्या कडेला मिठाशेजारी लिंबाची फोड. ती वरणावर पिळायची, बोटं चाटायची आणि साल ताटाच्या काठाला ठेवायची. तिथून ती उष्ट्याच्या बादलीत जाते. घरी थोडं बरं नशीब असतं: मीठ लावून पिळलेल्या फोडीनं तांब्याचा गडू लखलखीत होतो. संत्र्याची साल उन्हात वाळवून, कुटून दिवाळीच्या उटण्यात जाते, नागरमोथा, आंबेहळद, कचोरा यांच्या सोबतीला. म्हणजे मराठी घरात साल भांड्याला चालते, तोंडाला लावायला चालते. तोंडात घालायची म्हटलं की मात्र कपाळाला आठ्या पडतात.

गंमत अशी की लिंबाचा भाव ठरतो सालीवरच. शिरूर-दौंडच्या कमी पावसाच्या पट्ट्यात विहिरीच्या आणि ठिबकच्या पाण्यावर लिंबाच्या बागा जगतात. घोड नदीपलीकडचा श्रीगोंदा तालुका तर लिंबासाठी नावाजलेला. हस्त बहार धरला की फळ ऐन उन्हाळ्यात हाती येतं, तेव्हा दर असतो. एप्रिल २०२२ मध्ये किरकोळ बाजारात एकेक लिंबू दहा रुपयांवर गेलं होतं, ते अजून लोकांच्या लक्षात आहे. अशा हंगामातही गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गोणी उघडली की व्यापारी लिंबू कापून बघत नाही. त्याची नजर सालीवर असते. चकचकीत, पिवळी, पातळ, डाग नसलेली असेल तर वरचा भाव. खैऱ्या रोगाचे खरबरीत तपकिरी ठिपके असतील तर गोणी मागे पडते, आतला रस तोच असला तरी. शेतकरी फवारण्या करतो, मजूर निवडतात, गिऱ्हाईक दाबून बघतं, ते सगळं सालीसाठी, आणि घरी गेल्यावर पहिली कचऱ्यात जाते ती सालच.

आपल्या नेहमीच्या लिंबाचं नावही सालीवरूनच पडलं आहे. कागदी लिंबू, म्हणजे कागदासारख्या पातळ सालीचं. लोणचं घालणाऱ्या बाईला हे नाव समजावून सांगावं लागत नाही. जाड सालीचं लिंबू बरणीत महिनोन् महिने चिवट राहतं. कागदी दोन-तीन आठवड्यांत मऊ पडतं.

आणि लोणच्यापाशी आलं की साल न खाण्याचा आव गळून पडतो. लिंबाच्या लोणच्यात साल सोडली तर उरतं काय? धुऊन, कोरड्या फडक्यानं पुसून, आठ फोडी करून, मीठ-हळद लावून बरणीत भरलेलं लिंबू पहिल्या दिवशी तोंडात घालवत नाही, इतकं कडू असतं. बरणीच्या तोंडाला दादरा बांधून ती उन्हात ठेवतात, रोज हलवतात. मीठ पाणी ओढून काढतं, आंबट रस सालीत शिरतो, पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं पेक्टिन सैल होतं आणि एक दिवस फोड बोटांत दबते. उपासाच्या गोड लोणच्यात हळद-हिंग जाऊन सैंधव, साखर, जिरं आणि तिखट येतं. शहाणी घरं सरबतासाठी पिळलेल्या लिंबांच्या साली टाकत नाहीत. त्या मिठाच्या बरणीत जमवत जातात, आणि शेवटी त्यांचंच लोणचं होतं. काळपट पडलेल्या जुन्या लोणच्याची फोड तापातून उठलेल्या माणसाच्या मऊ भाताशेजारी ठेवायची, ही तर घराघरातली रीत. त्या फोडीत क जीवनसत्त्व फारसं उरलेलं नसतं, ते साठवणीत आणि उन्हात नासतं. तिचं काम एवढंच, की अन्नावरची वासना उडालेल्याला दोन घास जास्त जावेत. काही कमी काम नाही हे.

फळाची साल रोज खाणं मराठी माणसाला नवं नाहीच. आमसूल म्हणजे रातांब्याची सालच. गर काढून, त्याच्याच रसात बुडवून, उन्हात वाळवलेली. कोकणात ती आमटीत पडल्याशिवाय जेवण होत नाही. त्याहून जुना दाखला कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात आहे. तिच्या चार हातांपैकी एकात महाळुंग असतं. महाळुंग हे लिंबाच्या घराण्यातलं आजोबा फळ: वरून खडबडीत, आत बोटभर जाड पांढरी साल आणि मध्यभागी नावापुरता रस. ते खायचं तर सालीसाठीच. आजच्या आनुवंशिक अभ्यासांनी लिंबूवर्गाचं मूळ हिमालयाच्या आग्नेय पायथ्याशी नेलं आहे आणि महाळुंग, पपनस, संत्र्याचा वंश ही त्यातली मुख्य मूळ घराणी ठरवली आहेत. आपलं कागदी लिंबू महाळुंगाचंच एका रानटी जातीशी झालेलं संतान. नातवाची साल पातळ झाली, रस वाढला, आणि घरच्यांनी आजोबांचा वारसा उकिरड्यावर टाकायला सुरुवात केली.

आता आरोग्याची गोष्ट. इथे जरा जपून पाय टाकायला हवा, कारण सालीबद्दल दोनच सूर ऐकू येतात. एक कचऱ्याचा, दुसरा चमत्काराचा. गोठवलेलं लिंबू सालीसकट किसून खाल्लं की ते केमोथेरपीपेक्षा दहा हजार पट प्रभावी ठरतं, हा निरोप वर्षानुवर्षं मोबाइलवरून फिरतो आहे. तो सपशेल खोटा आहे, आणि कर्करोगाच्या रुग्णाच्या घरी तो पाठवणं निर्दयपणाचंही आहे.

खरं काय, ते आकड्यांत बघता येतं. अमेरिकी कृषी खात्याच्या पोषण-तक्त्यानुसार जाड सालीच्या पिवळ्या लिंबाच्या १०० ग्रॅम सालीत सुमारे १२९ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आणि दहा ग्रॅमहून अधिक तंतू असतात. तेवढ्याच वजनाच्या रसात क जीवनसत्त्व याच्या निम्म्याहूनही कमी. हे वाचून ‘रसापेक्षा साल भारी’ असा मथळा कुणीही देईल. पण १०० ग्रॅम साल खातो कोण? चमचाभर किसलेली साल भरते दोन ग्रॅम, तिच्यात क जीवनसत्त्व अडीच मिलिग्रॅम. पुरुषाला दिवसाला लागतं ८० च्या आसपास. सालीसाठी एवढी किसणी झिजवण्यापेक्षा एक पेरू खावा, प्रश्न मिटतो.

सालीत आणखी दोन-तीन गोष्टी आहेत आणि त्या जास्त बोलक्या आहेत. १८२८ साली फ्रान्समध्ये संत्र्याच्या सालीच्या आतल्या पांढऱ्या भागातून हेस्पेरिडिन नावाचं द्रव्य वेगळं काढलं गेलं. मूळव्याधीवर किंवा पायाच्या फुगलेल्या शिरांवर डॉक्टर डायोस्मिन-हेस्पेरिडिनची जी गोळी लिहून देतात, तिचा कच्चा माल लिंबूवर्गीय सालीतून येतो. पण ती गोळी ५०० मिलिग्रॅमची आणि सूक्ष्म भुकटी करून बनवलेली असते. लोणच्याच्या फोडीला तिच्या जागी बसवता येणार नाही. पेक्टिनचंही तसंच. जॅम-जेली घट्ट करणारं पेक्टिन कारखान्यात प्रामुख्यानं लिंबूवर्गीय साली आणि सफरचंदाचा चोथा यांतूनच काढतात. रोज काही ग्रॅम पेक्टिन पोटात गेलं तर कोलेस्टेरॉलला थोडा आळा बसतो, पण तेवढ्यासाठी सालीचं ताटच वाढून घ्यावं लागेल.

राहिला लिमोनिन, संत्र्याच्या सालीच्या तेलाचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग. २००० साली अमेरिकेतल्या ॲरिझोनात, जिथे ऊन आपल्या मराठवाड्यासारखंच फोडून काढतं, त्वचेच्या एका प्रकारच्या कर्करोगाचे रुग्ण आणि निरोगी माणसं यांच्या खाण्याची तुलना झाली. साल खाणाऱ्यांत तो कर्करोग कमी आढळला. पण साल खाणारी माणसं इतर बाबतींतही वेगळी असू शकतात. अशा तुलनेवरून शंका घ्यावी, शोध घ्यावा. औषध म्हणून साल खायला निघू नये.

मग फायदा कसला? फायदा चवीचा, आणि तो मिठाच्या डब्यापर्यंत पोचतो. वास आणि किंचित कडसर चव असली की जिभेला मीठ-साखर कमी लागते. चिमूटभर लिंबाची किसलेली साल घातलेलं ताक, काकडीची कोशिंबीर किंवा नाचणीचं आंबील निम्म्या मिठातही फिकं लागत नाही. (लोणच्याबद्दल हे म्हणता येणार नाही. त्यात साल मुरते ती मिठातच, आणि रक्तदाबवाल्यानं फोड मोजूनच घ्यावी.) गवती चहा घालून चहा पिणाऱ्या घराला ही चव परकी नाही. गवती चहाचा वास ज्या सिट्रालमुळे येतो, तेच सिट्राल लिंबाच्या सालीतही असतं. पांढरा भाग येऊ न देता फक्त वरचा रंगीत पापुद्रा बारीक किसणीवर घासायचा आणि पदार्थ गॅसवरून उतरल्यावर घालायचा. उकळलं की वास वाफेबरोबर उडतो आणि मागे कडवटपणा राहतो. मोसंबीचा रस काढून ठेवला की तासा-दोन तासांत कडू होतो, ते लिमोनिनशी नाव जुळणाऱ्या एका वेगळ्या द्रव्यामुळे. रसात सुरुवातीला बेचव असलेलं द्रव्य आंबटपणानं हळूहळू कडू होत जातं. म्हणून रसवाला गिऱ्हाइकासमोरच पिळतो.

चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात शिनह्वे भागात संत्र्याची साल वाळवून वर्षानुवर्षं मुरवतात, आणि जितकी जुनी तितकी ती महाग विकतात. किमान तीन वर्षं झाल्याशिवाय तिला बाजारात मान नाही. मांस शिजवताना, चहात, खोकल्यावर ती वापरतात. आपल्याकडे नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, जालन्याच्या मोसंबीलाही नंतर मिळालं. साल मात्र अजून उटण्याच्या पुड्यापुढे गेलेली नाही. वरुड-मोर्शीच्या संत्र्याच्या पट्ट्यात कुणी यात हात घातला तर वावगं होणार नाही.

तोवर एक अडचण उरते, आणि ती बागेत आहे. खैऱ्यासाठी तांब्याची बुरशीनाशकं, नागअळी आणि काळ्या माशीसाठी कीटकनाशकं, हे सगळं पहिल्यांदा बसतं सालीवर. संत्री-मोसंबीवर चकाकीसाठी मेणही चढवतात. सोललेल्या फळात यातलं बरंच टळतं, किसलेल्या सालीत टळत नाही. वाहत्या कोमट पाण्यात चोळून धुतलं, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवलं तर वरचं पुष्कळसं निघतं. आत झिरपलेलं निघत नाही. म्हणून साल खायची तर ओळखीच्या बागेतलं, परसातलं, किंवा फवारणी थांबवून पुरेसे दिवस गेलेलं फळ घ्यावं. डागाळलेल्या लिंबाला नाक मुरडू नये. खैऱ्याचा जिवाणू माणसाला बाधत नाही.

आणखी एक इशारा, तोंडाला साल लावणाऱ्यांसाठी. लिंबाच्या सालीतला रस अंगावर राहून वर ऊन पडलं तर कातडी भाजल्यासारखी लाल होते आणि काळे डाग आठवडेच्या आठवडे जात नाहीत. पपनसाची गोष्ट निराळी: त्यातली काही द्रव्यं रक्तदाबाच्या आणि कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांचा असर वाढवतात, तेव्हा गोळी चालू असलेल्यानं आधी डॉक्टरांना विचारावं.

आणि रसवंतीच्या बाकड्यावर बसणाऱ्यांनी एवढं करावं. रसवाल्यानं टोपलीतून लिंबू उचललं की ते आधी धुऊन घ्यायला सांगावं. तो एकदा वर बघेल, पण धुवेल. साल चरकात जाणारच आहे.