पाप कोणाचें सांगावें?



आपल्या मंडळ्यांत जग शिरलें आहे, अशी तक्रार आजकाल जेथें जावें तेथें कानीं पडते. वडीलधारी माणसें म्हणतात, लग्नांतला बडेजाव वाढला. उपदेशक म्हणतात, प्रार्थनेच्या वेळींहि तरुणांच्या हातांतला मोबाइल सुटत नाहीं. तरुण म्हणतात, पंचांचीं भांडणें कोर्टापर्यंत गेलीं. या तक्रारी खोट्या नाहींत. परंतु प्रत्येकाला दिसणारें जग हें दुसऱ्याच्या घरांतलें आहे, हें ध्यानांत घ्यावें. व्यासपीठावरून पापाविरुद्ध बोलणाऱ्या आम्हां सेवकांची गत याहून निराळी नाहीं. पापाविरुद्ध उपदेश करावा कीं नाहीं, याविषयीं आपणांत वाद नसावा. तो कोणाच्या पापाविरुद्ध करावा, याचाच विचार आज करूं या.

या बाबतींत आमोस संदेष्ट्याच्या ग्रंथाचे पहिले दोन अध्याय प्रत्येक उपदेशकानें वर्षांतून एकदां तरी शांतपणें वाचावे. आमोस हा यहूदांतील तकोवा गांवचा मेंढपाळ. उंबराच्या झाडांची निगा राखून तो पोट भरीत असे. ख्रिस्तापूर्वीं आठव्या शतकांत, दुसऱ्या यराबाम राजाच्या अमदानींत, तो उत्तरेकडील इस्राएलाच्या राज्यांत गेला. तो काळ भरभराटीचा होता. यज्ञ चालत, सण होत, गायनवादन होई. आमोसानें आरंभ केला तो शेजाऱ्यांच्या पापापासून. दिमिष्कानें गिलादाला लोखंडी औतांखालीं धान्यासारखें मळून काढलें. गज्जानें वस्तीच्या वस्ती कैद करून अदोमाच्या हवालीं केली. सोरानें भावाभावांचा करार विसरून तेंच केलें. मग अदोम, अम्मोन व मवाब यांची पाळी आली. एकेक नांव निघालें तसतशा ऐकणाऱ्यांच्या माना डोलूं लागल्या असतील. मग यहूदाचें नांव आलें. भाऊबंदांचीं उणीं ऐकावयास कोणाला गोड वाटत नाहीं?

आणि मग आमोस इस्राएलावर आला. थोड्या रुप्यासाठीं व एका जोड्यासाठीं तुम्हीं गरिबांना विकलें, असें त्यानें त्यांना तोंडावर सांगितलें. गहाण घेतलेलीं वस्त्रें पसरून त्यांवर तुम्ही वेदीजवळ लोळतां, असेंहि त्यानें सांगितलें. या दुसऱ्या आरोपाचें मर्म समजून घेतलें पाहिजे. गरिबाचें पांघरूण गहाण घेतलें तर तें सूर्य मावळण्यापूर्वीं परत करावें, असा निर्गमाच्या पुस्तकांत नियम आहे. कारण रात्रीं अंगावर घ्यावयास त्याच्याजवळ दुसरें कांहीं नसतें. हे लोक तें पांघरूण परत न करतां त्यावरच बसून उपासना करीत होते.

जगिकपणा म्हणजे काय, हें येथें स्पष्ट होतें. ते लोक देवळांत येण्यास चुकत नव्हते, अर्पणांत हात आंखडीत नव्हते. पण कोण किती देतो हें पाहून मान द्यावा आणि तें कोठून आणतो हें विचारूं नये, ही जगाची रीत त्यांनीं वेदीपर्यंत आणली होती. ही रीत ज्या मंडळींत चालूं झाली, तेथील लोक साधीं वस्त्रें नेसत असले व सिनेमा पाहात नसले, तरी तेथें जग शिरलेंच.

आतां मला स्वतःची गोष्ट सांगितली पाहिजे. कांहीं वर्षांपूर्वीं मी एका खेड्यांतील मंडळीचा पाळक होतों. दारूविरुद्ध माझा उपदेश जोरकस असे व लोक तो आवडीनें ऐकत. एका रविवारीं उपासनेनंतर मंडळींतील एक विधवा बाई दाराशीं थांबली व म्हणाली, "पाळकसाहेब, पिणारे तर देवळांत येतच नाहींत. मग तुम्ही हें सांगतां कोणाला?" एवढें बोलून ती निघून गेली.

तिच्या बोलण्याचा रोंख मला कळला होता. आमच्याच पंचांपैकीं एक गृहस्थ दरमहा शेंकडा पांच रुपये व्याजानें पैसे देत असत. नवऱ्याच्या आजारपणांत या बाईनें त्यांच्याकडून कर्ज काढलें होतें व आपलें दोन एकर शेत त्यांना लिहून दिलें होतें. मला हें सर्व ठाऊक होतें. परंतु प्रार्थनामंदिराचे पत्रे त्याच गृहस्थांच्या देणगींतून बसले होते, आणि माझा पगारहि पुष्कळसा त्यांच्या वर्गणीवर चाले. परवान्यावांचून सावकारी करणें हा महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ याप्रमाणें गुन्हा आहे. सरकार ज्याला गुन्हा म्हणतें, त्याला पाप म्हणण्यास मी भीत होतों. आणखी एक वर्ष मी दारूवरच बोलत राहिलों. त्या दिवाळीनंतर ती बाई आपल्या दोन मुलांना घेऊन ऊसतोडीला गेली.

तेव्हां कोठें मी त्या पंचांच्या घरीं गेलों. ते संतापतील असें मला वाटलें होतें. पण ते बराच वेळ गप्प बसले व मग म्हणाले, "पाळकसाहेब, दर हंगामाच्या सणाला तुम्ही माझें नांव घेऊन आभार मानलेत. हें पाप आहे असें तुम्हांला वाटत होतें, तर माझे पैसे कां घेतलेत?" मला उत्तर सुचलें नाहीं. पुढच्या उन्हाळ्यांत त्यांनीं शेत परत केलें, याबद्दल देवाची स्तुति असो. परंतु त्या बाईचा थोरला मुलगा त्या हंगामांत शाळेंतून निघाला, तो पुन्हां शाळेंत बसला नाहीं. माझ्या गप्प बसण्याचा भुर्दंड त्या मुलाला पडला.

बेथेल येथील याजक अमस्या यानें आमोसाला सांगितलें कीं, यहूदांत जा, तेथें भाकर मिळव व तेथेंच संदेश दे. हें राजाचें पवित्रस्थान आहे. संदेष्टा बोलतो तो भाकरीसाठीं, अशीच त्याची समजूत होती. आपण मेंढरांच्या मागून आलेला मनुष्य आहों, असें आमोसानें उत्तर दिलें. त्याची भाकर बेथेलच्या हातीं नव्हती. मी मात्र वर्षभर स्वतःच स्वतःचा अमस्या झालों होतों. आणि माझ्या मौनानें त्या विधवेचाच नव्हे, तर त्या पंचांचाहि घात केला. गांवांत चोर शिरतांना पाहून जागल्या ओरडला नाहीं, तर दोष जागल्यावर येतो. यहेज्केल संदेष्ट्याच्या तेहेतिसाव्या अध्यायांत पहारेकऱ्याविषयीं हाच इशारा आहे.

उपदेशकबंधूंनो, उपदेश तयार करतांना तीन गोष्टी स्वतःस विचाराव्या. पहिली, ज्या पापाविषयीं मी बोलणार, तें करणारा माझ्यासमोर बसणार आहे काय? बाप्तिस्मा देणारा योहान यानें समोर आलेल्या जकातदारांना ठरल्यापेक्षां अधिक घेऊं नका असें सांगितलें, शिपायांना कोणास लुबाडूं नका असें सांगितलें, आणि दोन अंगरखे असणाऱ्याला एक देऊन टाकावयास सांगितलें. ज्याचें दुखणें त्यालाच त्यानें औषध दिलें.

दुसरी, मी त्या मनुष्यास आधीं एकांतीं भेटलों आहें काय? मत्तयाच्या अठराव्या अध्यायांत प्रभूनें हाच क्रम घालून दिला आहे. एकांतीं बोलण्याचें धैर्य नाहीं म्हणून व्यासपीठावरून लेकी बोले सुने लागे असा मारा करणें, हा भित्रेपणा आहे.

तिसरी, मी त्याच्यासाठीं रडलों आहें काय? टोळांचा व अग्नीचा दृष्टान्त दिसतांच आमोसानें दोनदां देवाजवळ रदबदली केली, कारण याकोब दुबळा आहे, तो कसा टिकेल, ही त्याला चिंता होती. अशी प्रार्थना ज्यानें केली नाहीं, त्यानें दुसऱ्याच्या पापाला हात घालूं नये.

आणि मंडळींतील बंधुभगिनींनो, पाळकाचा शब्द तुमच्या घराच्या उंबऱ्याशीं येईल, तेव्हां त्याच्या बदलीचा अर्ज लिहावयास बसूं नका. तो आपल्या भाकरीची पर्वा न करतां तुमच्याकडे आला असेल. त्याला घरांत घ्या. शेत परत करावयाचें असेल तर पेरणीपूर्वीं करा. मूल शाळेंतून निघण्यापूर्वीं करा.

प्रभु आपल्या सेवकांस निर्भय मुख देवो, व आपणां सर्वांस ऐकणारे कान देवो. आमेन.