आवाज आले, नावे आली नाहीत

हरवणे आणि पुसले जाणे या दोन गोष्टी आपण बोलताना एकच समजतो. वस्तुतः त्यांत मोठे अंतर आहे. हरवलेली वस्तू कोठेतरी असते. तिच्यापर्यंत जाण्याची वाट तेवढी आपल्यापाशी उरलेली नसते. पुसलेली वस्तू कोठेच नसते. आयुष्यात जे जे आपण ‘गेले’ या एका शब्दाने सांगून मोकळे होतो, त्यांतले हरवलेले किती आणि पुसले गेलेले किती, हा हिशेब सहसा कोणी मांडत बसत नाही. संगणकाने मात्र तो मांडणे आपल्याला भाग पाडले आहे.

संगणकाच्या हार्ड डिस्कमध्ये गुळगुळीत तबकड्या असतात. त्या मिनिटाला पाच-सात हजार फेरे घेतात आणि त्यांच्यावरून एक सूक्ष्म शीर्ष तरंगत जाते. त्या दोहोंमधील अंतर माणसाच्या केसाच्या जाडीच्या दहा हजाराव्या भागाहूनही कमी असते. शीर्ष तबकडीला टेकले की जेथे टेकले तेथील लेख खरवडून जातो. तो कायमचा गेला. परंतु पुष्कळदा नासते ते निराळेच. तबकडीवर कोणती वस्तू कोठे ठेवली आहे याची एक सूची असते. आपण एखादी फाइल काढून टाकतो तेव्हा यंत्र बहुधा एवढेच करते की सूचीतील तिची नोंद खोडते आणि ती जागा मोकळी झाल्याचे मांडून ठेवते. मूळ लेख त्या जागी दुसरे काही लिहिले जाईपर्यंत तसाच पडून राहतो. (आजकालच्या तबकडीविरहित साठवणीत ही सवड फारशी मिळत नाही.) सूचीच बिघडली तर सगळे असूनही काहीच सापडत नाही, ग्रंथालय शाबूत असावे आणि ग्रंथपाल वारलेला असावा, तसे.

हे शास्त्र मला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. माझे थोरले बंधू अहमदपूर तालुक्यात शिक्षक होते. किनगाव, हाडोळती, अंधोरी, खंडाळी या बाजूच्या गावांतून हिंडून त्यांनी म्हाताऱ्या बायांकडून जात्यावरच्या ओव्या ऐकल्या व कॅसेटवर धरल्या. निवृत्तीनंतर त्यांनी त्या एकेक करून संगणकात उतरविल्या आणि प्रत्येक फाइलीला गाणारीचे नाव, गाव व दिवस असे नाव दिले. नाव फाइलीवरच असल्यामुळे वेगळी वही ठेवण्याची गरज त्यांना वाटली नाही. कॅसेटांना पुढे बुरशी लागली. बंधू गेले, आणि त्यांच्या मागे वर्षभराने तो संगणकही एका सकाळी कटकट असा आवाज करून थांबला.

डिस्क पुण्याला पाठवावी लागली. तेथील तज्ज्ञ मुलाने आधी तिची जशीच्या तशी एक प्रत उतरवून घेतली व मग त्या प्रतीवर काम केले. मूळ वस्तूला पुन्हा पुन्हा हात लावावयाचा नाही, हा त्या विद्येतला पहिला नियम मला फार आवडला. सूची नष्ट झाली होती. तेव्हा त्याने साऱ्या तबकडीवरून फिरून, ध्वनीच्या फाइलीचा आरंभ ज्या ठरावीक खुणेने होतो ती खूण जेथे जेथे दिसली तेथून एकेक फाइल वेचून काढली. दोनशेहून अधिक निघाल्या. त्याने दूरध्वनीवर मला सांगितले, “काका, आवाज आलेत. नावं नाही आली.” प्रत्येक फाइलीला आता फक्त एक आकडा होता.

या वाक्यापाशी मी पुष्कळ दिवस अडकून पडलो. एक पक्ष असा की, यात बिघडले काय? ओवी ही लोकांची. ती कोणी रचली हे कोणालाच ठाऊक नसते. आईकडून लेकीकडे, लेकीकडून सासरच्या गावी अशी ती निनावीच चालत आली. मग गाणारीचे नाव गेले म्हणून शोक कशाला? हा युक्तिवाद ऐकावयास बरा वाटतो, परंतु तो फसवा आहे. ओवी निनावी असेल; पहाटे उठून दोन पायली ज्वारी दळणारी बाई निनावी नव्हती. तिने माहेर, भाऊ, सासू, विठोबा यांविषयीच्या शंभर ओव्यांतून नेमक्या याच दहा का निवडल्या, हे तिचे आयुष्य कळल्यावाचून कळत नाही. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातील लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, त्या गाणाऱ्या स्त्रियांच्या व गावांच्या नावांसह. त्या संग्रहाचे मोल केवळ त्याच्या आकड्यात नाही.

शिवाय आमच्या लातूर जिल्ह्याने हा धडा एकदा दगडमातीत गिरविला आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी-सास्तूरच्या भागात भूकंप झाला. पुढे पन्नासावर गावे नव्या जागी, सरळ रेषांत, आखून बांधली गेली. ज्यांची घरे गेली त्यांना घरे मिळाली, आणि ते काम थोर होते यात शंका नाही. परंतु जुन्या गावात कोणाच्या भिंतीला कोणाची भिंत, कोणत्या ओट्यावर कोणाची बैठक, ही जी गावाची सूची होती, ती आराखड्यात उतरली नाही. घर परत देता येते. शेजार परत देता येत नाही, तो पुन्हा जडवावा लागतो. वस्तू आणि वस्तूंमधील नाते या दोन निराळ्या संपत्ती आहेत, आणि यंत्राला पहिलीच तेवढी शोधून देता येते.

मग दुसरी कशी शोधावयाची? याचे उत्तर मराठीला तिच्या पहिल्या गद्यग्रंथापासूनच माहीत आहे. चक्रधरस्वामींच्या पश्चात त्यांच्या लीळा गोळा करण्याचे काम म्हाइंभटांनी ऋद्धिपुरास तेराव्या शतकाच्या अखेरीस केले. एकट्या नागदेवाचार्यांकडून सर्व ऐकून ते लिहू शकले असते. परंतु जी घटना ज्याच्या समोर घडली ती त्याच्याच तोंडून घ्यावी, अशी त्यांची पद्धत होती. आणि त्यासाठी ते माणसामाणसांपर्यंत गेले. पुढे देवगिरीवर खलजींच्या स्वाऱ्या झाल्या, आणि त्या धामधुमीत ही मूळ पोथी नाहीशी झाली, असे महानुभाव परंपरा सांगते. आज आपण लीळाचरित्र वाचतो ते ज्यांनी पोथी पाठ केली होती त्यांच्या स्मरणातून पुन्हा उभे राहिलेले आहे. त्या स्मरणकर्त्यांत हिराइसा ही एक स्त्री आहे, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे.

इंग्लंडात 1835 साली कार्लाइलच्या फ्रेंच राज्यक्रांतीवरील ग्रंथाच्या पहिल्या खंडाचे हस्तलिखित मिल याच्याकडे असताना जळून गेले आणि कार्लाइलने तो खंड पुन्हा लिहिला. ती हकीकत धैर्याची आहे. परंतु तेथे ज्याच्या डोक्यात ग्रंथ जन्मला होता तो मनुष्य जिवंत होता. महानुभावांपुढचा प्रश्न अधिक बिकट होता. ग्रंथकर्ता आणि ग्रंथविषय दोघेही गेलेले. उरलेली फक्त ऐकणारी माणसे, आणि त्यांची स्मरणे एकमेकांशी पुरती जुळणारी नव्हेत.

येथेच त्या लोकांनी जे केले ते मला नीतिदृष्ट्या फार मोठे वाटते. त्यांनी मतभेद पुसून एकच गुळगुळीत पाठ तयार केला नाही. हिराइसेचा पाठ असा, अमक्याचा पाठ असा, असे नोंदवून ठेवले. वेगळे स्मरण कोणी सांगितले तर ‘वासना’ म्हणून तेही लिहिले. वि. भि. कोलते यांनी 1978 साली संपादिलेल्या आवृत्तीत या भिन्न पाठांच्या खुणा पानोपानी दिसतात. ज्या ग्रंथातील प्रत्येक शब्द त्यांना पवित्र होता, त्याच ग्रंथात ‘हे आम्हांस निश्चित ठाऊक नाही’ असे लिहावयास ते कचरले नाहीत. किंबहुना पवित्र होता म्हणूनच कचरले नाहीत.

मीही फाइली घेऊन गावोगाव गेलो. मोबाइलवर आवाज लावावयाचा आणि विचारावयाचे, हा कोणाचा? पुष्कळ ठिकाणी माना हलल्या. काही ठिकाणी दोन घरांनी एकच आवाज आपला म्हणून सांगितला. अंधोरीच्या बाजूला एक साठीची बाई पहिली ओळ संपण्याच्या आत म्हणाली, “ह्यो आवाज माज्या मायचा हाय,” आणि मग पुढच्या ओळी आवाजाच्या आधी स्वतःच म्हणू लागली. ज्याला आपण माहितीची पुनःप्राप्ती म्हणतो ती पुण्यात झाली नव्हती, ती येथे होत होती. जेथे दोन घरांचा दावा होता तेथे मी दोन्ही नावे लिहिली. जेथे काहीच कळले नाही तेथे आकडाच ठेवला.

काही फाइलींत मधले तुकडे खरवडले गेले आहेत; गाणे चालता चालता शांत होते आणि दोन ओव्या टाकून पुन्हा सुरू होते. त्या तज्ज्ञ मुलाने सद्भावनेने सुचविले होते, “काका, मधलं मशीन भरून देतं आता. तोच आवाज, तीच चाल. ओळखूसुद्धा येणार नाही.” ओळखू येणार नाही, हेच तर भयाचे कारण आहे. जीर्ण पोथीला नवा कागद जोडावा तो रंगाने वेगळा दिसेल असा जोडावा. कारण पुढच्या वाचकाला मूळ कोठे संपले हे कळण्याचा अधिकार आहे. जी ओवी त्या बाईने म्हटली नाही ती तिच्या आवाजात तिच्या नावावर घालणे म्हणजे हरवलेले परत मिळविणे नव्हे. उलट, जे नुसते हरवले होते ते त्यायोगे पुसले जाते. रिकामी जागा ही निदान खरी साक्ष आहे: येथे काहीतरी होते. भरलेली जागा तेवढीही साक्ष देत नाही.

परंतु माझी ही तत्त्वनिष्ठा एका घरात अपुरी पडली, तेही सांगितले पाहिजे. एका ध्वनिमुद्रणात सुनेने सासूचा छळ सांगितला आहे, जेवण मोजून मिळाल्याचे, आजारात दळावे लागल्याचे, आणि सासूला तिच्या नावानिशी हाक मारून. तिचा मुलगा आता पन्नाशी ओलांडलेला, ऐकून तो खाली मान घालून म्हणाला, “माय गेली, आजीबी गेली. पुसून टाका, काका.” त्याची मुलगी कॉलेजात शिकते. ती म्हणाली, “आज्जीनं कुणीतरी ऐकावं म्हणूनच म्हटलं असंल की, आबा.”

दोघांचेही खरे आहे. बाईने ते एका ओळखीच्या गुरुजींसमोर म्हटले, जगासमोर नव्हे. तिची संमती आपण मृत्यूनंतर ताणून मोठी करू शकत नाही. आणि तरीही, जिवंतपणी जिचे कोणी ऐकले नाही तिचा एकुलता एक जबाब घराच्या अब्रूसाठी नष्ट करणे, म्हणजे तिला पुन्हा एकदा गप्प बसविणे. मी एवढेच ठरविले की ती फाइल संग्रहात घालावयाची नाही. एक प्रत बापलेकींच्या स्वाधीन करावयाची, एक बंद करून ठेवावयाची. कारण पुसणे हा एकच निर्णय असा आहे की जो पुढच्या पिढीला बदलता येत नाही, आणि तो दुःखाच्या किंवा लाजेच्या भरात घेऊ नये. मुलाला हे पटले, असे मी म्हणणार नाही. त्याच्या नापसंतीचे ओझे माझ्यावर राहील, आणि ते राहावे हेच योग्य.

संगणकातले जाणकार सांगतात की, महत्त्वाच्या गोष्टीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक प्रत दुसऱ्या गावी असावी. नियम उत्तम आहे आणि प्रत्येकाने तो पाळावा. परंतु या नियमाने आपले कर्तव्य संपते, असे मानण्यात एक आळस दडलेला आहे. आपण सारे साठवीत सुटलो आहो: लग्नाची हजार छायाचित्रे, वडिलांचे आवाज, मुलांची पहिली पावले. साठविले म्हणजे आठवणीचे ओझे यंत्रावर टाकले, आता आपण विसरावयास मोकळे, अशी आपली समजूत होत चालली आहे. जे कोणी उघडून पाहत नाही, ज्यातल्या माणसांची नावे घरातल्या लहानांना कोणी सांगत नाही, ते डिस्क उत्तम चालू असतानाच अर्धे हरवलेले असते. डिस्क बंद पडते त्या दिवशी केवळ त्याची वार्ता आपल्यापर्यंत येते.

लीळाचरित्र वाचले ते पोथीच्या प्रती पुष्कळ होत्या म्हणून नव्हे. ते वाचले कारण काही माणसे ते रोज आठवीत होती. हिराइसेपाशी दुसरी साठवण नव्हती. प्रत काढून ठेवणे हे शहाणपण आहे; एखाद्या माणसाला ती ऐकविणे, आणि ‘हा आवाज अमकीचा’ असे सांगणे, हे ऋण फेडणे आहे. पहिले काम यंत्र आपल्यासाठी करील. दुसरे त्याच्यावर सोपविता येत नाही, आणि कोणावर सोपवू पाहिले तर ते ज्याच्या हाती द्यावे तोच मग त्या आठवणीचा खरा वारस ठरतो, आपण नव्हे.