स्वाक्षरी : स्पर्श आणि संबोधन

१९३० नंतरच्या दशकात हॉलिवुडच्या चित्रसंस्थांना चाहत्यांच्या पत्रांसाठी स्वतंत्र विभाग चालवावे लागत. पत्राचे उत्तर म्हणून जे स्वाक्षरांकित छायाचित्र जाई, त्यावरील सही पुष्कळदा चिटणिसाची असे, कधी रबरी शिक्क्याची, तर कधी छायाचित्राबरोबरच छापलेली. जीन हार्लोच्या बाबतीत हे काम प्रामुख्याने तिच्या आईने केले, हे संग्राहकांना आता पुरते ठाऊक आहे. हार्लो १९३७ साली, वयाच्या २६व्या वर्षी वारली. तिच्या नावाने फिरणाऱ्या छायाचित्रांपैकी बहुसंख्य आईच्या हातची आहेत.

वरवर पाहता हा खऱ्याखोट्याचा प्रश्न आहे. अक्षराचे वळण, शाई आणि लेखणीचा दाब तपासून तज्ज्ञाने तो निकालात काढावा. परंतु संग्राहक नेमकी कशाची किंमत मोजतो, हे या तपासणीतून कळत नाही. छायाचित्राच्या प्रती कितीही निघतात. यांत्रिक पुनरुत्पादनाने कलाकृतीचे तेजोवलय ओसरते आणि चित्रपट-उद्योग त्याची भरपाई स्टुडिओबाहेर कृत्रिमरीत्या उभारलेल्या नटनटींच्या व्यक्तिमत्त्वाने करतो, असे वॉल्टर बेन्यामिनने १९३६ सालच्या निबंधात म्हटले. स्वाक्षरी ही या भरपाईतली सर्वांत स्वस्त युक्ती होय. हजारो प्रतींपैकी या एका प्रतीवर तो हात टेकला होता, अशी ती ग्वाही देते.

ग्वाही खोटी असेल तर फसवणूक कोणाची होते? १९३५ साली पत्र लिहिणाऱ्या एखाद्या मुलीला उत्तर हवे होते. आजच्या संग्राहकाने हार्लोला काहीच लिहिलेले नाही. त्याला तिच्या हाताचा ठसा हवा आहे. एकीचा हक्क संबोधनावर आहे, दुसऱ्याचा स्पर्शावर. बाजाराने उभे केलेले सारे प्रामाण्यशास्त्र या दुसऱ्याच्याच हिताचे आहे. ‘अमुकीस सप्रेम’ असा नावानिशी मजकूर असलेल्या छायाचित्राला, ते नाव प्रसिद्ध व्यक्तीचे नसेल तर, नुसत्या सहीच्या छायाचित्रापेक्षा सहसा कमी किंमत येते. ज्या शब्दांनी ती वस्तू कोणाला तरी उद्देशून झाली, तेच शब्द तिचे वैगुण्य ठरतात!

स्वाक्षरी ओळखता यायची तर ती पुन्हापुन्हा करता आली पाहिजे, आणि म्हणूनच दुसऱ्यालाही गिरवता आली पाहिजे, असे जाक देरिदाने १९७१ सालच्या व्याख्यानात दाखवले. यावरून, सही कोणी केली याने काहीच फरक पडत नाही, असा निष्कर्ष काढण्याची घाई अनेकांना होते. ती अनाठायी आहे. अनुकरणीयता ही स्वाक्षरीच्या शक्यतेची अट आहे. वचनभंगाची सबब नव्हे. ग्रेटा गार्बोने सह्या देणे बहुधा टाळले. तिची सही म्हणूनच महाग, आणि तिच्यावर चाहत्याशी खोटे बोलल्याचा आरोपही क्वचितच करता येईल.

नोव्हेंबर २०२२मध्ये बॉब डिलनच्या ‘द फिलॉसॉफी ऑफ मॉडर्न साँग’ या पुस्तकाच्या ९०० प्रती प्रत्येकी ५९९ डॉलरला, लेखकाने स्वहस्ते सही केल्याच्या प्रकाशकीय हमीपत्रासह विकल्या गेल्या. ग्राहकांनी सह्या ताडून पाहिल्या, तेव्हा त्या यंत्राच्या निघाल्या. प्रकाशकाने पैसे परत केले. डिलनने २०१९पासूनचा भोवळीचा विकार आणि महासाथ ही कारणे सांगून चूक मान्य केली. स्पर्श विकला गेला होता, म्हणून त्याचा हिशेब पैशांत मिटू शकला. त्या पत्र लिहिणाऱ्या मुलीसारख्यांना परतावा मागण्याची जागाच नव्हती, आणि त्यांनी मागावे तरी काय?

आईच्या हातचे ते छायाचित्र आज ‘अस्सल नव्हे’ म्हणून कमी दराने विकले जाते. तरीही त्यावर मुलीचे नाव असेल, तर कोणीतरी ते वाचून, हातात लेखणी धरून लिहिले होते. डिलनच्या यंत्राला कोणाचे नाव वाचावे लागले नाही.