भाकरीची वांटणी आणि विद्येचा वांटा

आधारवचन : प्रेषितांचीं कृत्यें, अध्याय ६, ओंव्या १ ते ७.



यरुशलेमेंतील पहिल्या मंडळीची गोष्ट आपण पुष्कळ वेळां ऐकली आहे. परंतु तींतील एक कुरकुर आपल्या कानांवरून नुसती निघून जाते. त्या मंडळींत दोन भाषांचे लोक होते. कांहीं यहूदा देशांत वाढलेले इब्री बोलणारे, आणि कांहीं दूर देशीं वाढून तेथें येऊन राहिलेले हेल्लेणी बोलणारे. सर्वांचा विश्वास एक, सर्वांची पेटी एक. तरी रोजच्या अन्नाच्या वांटणींत हेल्लेणी बोलणाऱ्या विधवा मागें राहूं लागल्या. कोणीं द्वेषानें त्यांस उपाशी ठेविलें असें शास्त्र सांगत नाहीं. शिष्यांची संख्या वाढत होती, एवढेंच तें सांगतें. माणसें वाढलीं आणि वांटणारे हात तितकेच राहिले, म्हणजे जो ओळखीचा, जो आपल्या भाषेचा, जो पुढें उभा, त्याच्याच पदरांत आधीं पडतें. मनांत दया असूनहि व्यवस्था नसली तर अन्याय होतो, हें त्या मंडळीनें आपल्या पहिल्याच दिवसांत अनुभविलें.

आज आपण ह्या वचनाच्या प्रकाशांत भाकरीच्या वांटणीऐवजीं विद्येची वांटणी पाहूं. आपलें खापा गांव कन्हान नदीच्या कांठीं वसलेलें, सावनेर तालुक्यांतलें. कोष्ट्यांच्या मागांमुळें ह्याचें नांव झालें. १८६७ सालीं, म्हणजे पुष्कळ मोठ्या गांवांच्या आधीं, येथें नगरपालिका झाली. जवळच गुमगांवची मँगनीजची खाण आहे. असें जुनें, कष्टाळू गांव. तरी माग चालविणाऱ्याच्या घरीं कांड्या भरावयास पोर बसे, आणि आई कापूस वेंचावयास गेली कीं धाकट्यास सांभाळावयास थोरली मुलगी घरीं राही, ही आपल्या भागाची जुनी रीत होय. शाळेचें दार उघडें असतें. पण दार उघडें असणें निराळें आणि आंत येतां येणें निराळें. ह्या दोहोंमधील अंतर कोणीं व कसें भरून काढावें, ह्याविषयीं वचनांतून तीन गोष्टी शिकूं.

पहिली गोष्ट ही कीं, जो मागें राहिला त्याला नांवानें ओळखिलें पाहिजे. प्रेषितांनीं कुरकुर करणाऱ्यांस गप्प बसविलें नाहीं. सर्व शिष्यांस एकत्र बोलावून ती कुरकुर चारचौघांत घेतली. आपण पुष्कळदां असें म्हणतों कीं, “गरिबांचीं मुलें शिकलीं पाहिजेत.” हें म्हणणें खरें, पण तें कोणाचेंच नांव घेत नाहीं. जूनच्या अखेरीस विदर्भांतील शाळा उघडतात, त्याच्या आधीं घरोघर फिरून वहींत लिहावें कीं, अमक्या घरची मुलगी पांचवीनंतर थांबली, अमक्याचा मुलगा वीटभट्टीवर आईबापांबरोबर गेला, अमकें बालक शाळेंत जातें पण त्याला अजून वाचतां येत नाहीं. ही वही हें सेवेचें पहिलें हत्यार होय. मेंढपाळास एक मेंढरूं हरवल्याचें कळलें, कारण त्यानें शंभर मोजलीं होतीं.

दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. जे सात जण निवडले त्यांचीं नांवें पाहा : स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना आणि निकलाव. हीं सर्व हेल्लेणी नांवें आहेत. अंत्युखियाचा निकलाव तर जन्मानें यहूदीहि नव्हता. ह्याचा अर्थ, ज्यांच्या विधवा उपाशी राहात होत्या त्यांच्यांतल्याच माणसांच्या हातीं कोठाराची किल्ली दिली. मंडळीनें त्यांस दान दिलें नाहीं, अधिकार दिला.

नागपुरांत ह्याचें एक उदाहरण घडलें आहे. उमरेडच्या एका अस्पृश्य मानलेल्या घरांत १८९२ सालीं जन्मलेल्या जाईबाई चौधरी दुष्काळामुळें नागपुरास आल्या आणि ओझीं वाहून पोट भरूं लागल्या. मिस ग्रेगरी नांवाच्या एका मिशनरी बाईंनीं त्यांस लिहितां-वाचतां येतें हें पाहून मिशनच्या शाळेंत शिक्षिकेचें काम दिलें. परंतु शिकविणारी बाई कोणत्या जातीची हें कळतांच वरच्या जातींच्या पालकांनीं आपलीं मुलें काढून घेतलीं, आणि जाईबाईंची नोकरी गेली. बंधूंनो, दया एका बाईच्या अंतःकरणांत होती. त्या दयेला टिकवून धरणारें बळ त्या शाळेच्या व्यवस्थेंत नव्हतें. पुढें १९२२ सालीं जाईबाईंनीं नागपूरच्या नव्या वस्तींत संत चोखामेळा कन्या शाळा काढिली. त्यांच्या आधीं, १९०७ सालीं, आपल्या शेजारच्या मोहप्यांत जन्मलेले किसन फागूजी बनसोडे ह्यांनीं नागपुरांत मुलींसाठीं शाळा काढिली होती. जे दाराबाहेर ठेविले गेले तेच दारें बांधणारे झाले.

आज कायद्यानेंहि हीच वाट दाखविली आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्काच्या कायद्याप्रमाणें, विनाअनुदानित शाळा सोडून, प्रत्येक शाळेस व्यवस्थापन समिती असावी लागते. तिचे निदान पाऊण सभासद मुलांचे आईबाप वा पालक असावे, निम्म्या स्त्रिया असाव्या, आणि दुर्बल व वंचित वर्गांच्या पालकांस त्यांच्या प्रमाणांत स्थान असावें, असा नियम आहे. शाळेचें काम पाहणें, तिच्या विकासाचा आराखडा करणें, आणि आलेला पैसा कसा खर्च होतो तें पाहणें हें त्या समितीचें काम. पण ज्या आईला बैठकींत काय विचारावें हें कोणीं शिकविलें नाहीं, ती अंगठा वा सही करून घरीं येते, आणि खुर्ची भरलेली असून जागा रिकामी राहते. म्हणून अशा आयांना जमाखर्च वाचावयास, प्रश्न विचारावयास, ठराव लिहून घ्यावयास शिकविणें ही विधवांच्या ताटांत भाकर वाढण्याइतकीच पवित्र सेवा आहे.

तसेंच, विनाअनुदानित खासगी शाळांत प्रवेशाच्या इयत्तेंत निदान २५ टक्के जागा अशा मुलांसाठीं राखून ठेवाव्या, असेंहि हा कायदा सांगतो. अल्पसंख्याकांच्या शाळा तेवढ्या त्यांतून वगळल्या आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्यें सरकारनें नियम बदलून पुष्कळ शाळांस ह्यांतून सूट दिली. तेव्हां लोक न्यायालयांत गेले, आणि जुलै २०२४ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें तो बदल रद्द केला. जागणारे कोणी होते, म्हणून जागा राहिल्या. ह्या जागांचे अर्ज संगणकावरून भरावे लागतात; दाखले जमवून मुदतीच्या आंत अर्ज भरून देणारा एक तरुण वस्तींत असला तर दहा घरांचें काम होतें.

तिसरी गोष्ट ही कीं, सेवा एका माणसावर टांगून ठेवूं नये. बारा प्रेषित सर्व कांहीं आपणच करीत राहिले असते तर प्रार्थनाहि राहिली असती व वांटणीहि. रेव्ह. स्टीफन हिस्लॉप १८४५ सालीं नागपुरास आले आणि पुढल्या वर्षीं त्यांनीं शाळा चालू केली. १८६३ च्या सप्टेंबरांत टाकळघाटाजवळ पुराच्या पाण्यांत बुडून ते वारले. त्यांच्याबरोबर शाळा बुडाली नाहीं. १८८३ सालीं त्यांच्या नांवाचें कॉलेज निघालें. काम पुढें उचलणारे मागें होते, म्हणून तें उभें राहिलें. ह्याच्या उलट, एका उत्साही भावाच्या घरीं चालणारा रात्रीचा वर्ग त्याची बदली होतांच बंद पडावा, आणि पाट्या माळ्यावर जाव्या, असें किती गांवीं होतें !

म्हणून मंडळ बांधावें आणि तें नीट बांधावें. पैशाच्या वहीवर दोघांच्या सह्या असाव्या. दर महिन्यास हिशेब सर्वांपुढें वाचावा. प्रत्येक कामकऱ्यानें आपल्या हाताखालीं एक शिकाऊ तयार करावा. संस्था नोंदली असेल तर वर्षाचा हिशेब तपासून घ्यावा, आणि विश्वस्त बदलले तर ९० दिवसांच्या आंत धर्मादाय आयुक्तांच्या कचेरींत कळवावें. हे कागद रुक्ष वाटतात. परंतु विश्वस्तांचे तंटे लागून कितीएक शाळा मोडल्या, त्यांचें मूळ बहुधा अशाच एखाद्या न लिहिलेल्या कागदांत असतें. सातांविषयीं प्रेषितांची अट काय होती? ते आत्म्यानें पूर्ण असावे, शहाणे असावे, आणि त्यांची कीर्ति चांगली असावी. भक्ति आहे म्हणून हिशेब नको, असें त्या अटींत कोठेंहि नाहीं.

प्रियांनो, शेवटच्या ओंवीकडे लक्ष द्या. सातांस निवडल्यावर देवाचें वचन पसरलें व शिष्य फार वाढले, असें तेथें सांगितलें आहे. वांटणी नीट झाली तेव्हां उपदेशास बळ आलें. आपल्या मंडळींतहि सात माणसें निवडूं या. त्यांत ज्यांचीं मुलें मागें राहिलीं ते असोत, आणि निदान निम्म्या स्त्रिया असोत. ज्या मुलीचें नांव अजून कोणत्याहि हजेरीपटावर नाहीं, तिचें नांव आपल्या वहींत पहिलें लिहूं या. ज्या प्रभूनें बालकांस जवळ येऊं दिलें, तो हें काम आपल्या हातून सिद्धीस नेवो. आमेन.